सण येईल तसं अक्षर: दोन ते साडेचार वर्षांच्या मुलांसाठी सणावारांची हातकामं

भिंतीवरच्या तक्त्यात ‘अ अननसाचा’ असतो. खानदेशातल्या यावल-रावेरकडच्या पोराला अननस दिसतो कधीतरी, फळांच्या गाडीवर. केळीचा घड मात्र ते चालायला लागल्यापासून बघत असतं. या वयात अक्षर बसतं ते हातात धरलेल्या, वास घेतलेल्या, कपड्याला डाग पाडलेल्या वस्तूवरून, आणि अशा वस्तू घरात सणाला येतात. म्हणून इथे वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून पंचांगाचा क्रम धरला आहे. पोळ्यापासून सुरुवात केली तर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आठ-दहा अक्षरं होतात. तीन वर्षांच्या मुलासाठी एवढी पुष्कळ झाली. वर्षभरात सगळी मुळाक्षरं उरकायचा हट्ट असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

आधी थोडं सामान, थोडे नियम

या वयात पेन्सिल नको. बोटांत तेवढी ताकद आलेली नसते. मूल पेन्सिल मुठीत आवळतं आणि ती पकड पुढे सोडवत बसावी लागते. अक्षर मोठं हवं, म्हणजे २० ते २५ सें.मी. उंच, आणि रेघ मोठ्या माणसाची दोन बोटं बसतील एवढी रुंद. मूल अशा अक्षरावरून खांद्यापासून हात फिरवतं, आणि वळण लक्षात राहतं ते त्या फिरवण्यातून.

बोट फिरवायचा क्रम पहिल्या दिवसापासून एकच ठेवा: आधी डावीकडचं वळण, मग काना, शेवटी शिरोरेघ. आजी एक क्रम दाखवते आणि बाबा दुसरा, असं घरोघरी होतं. अक्षराच्या कोपऱ्यात सुरुवातीच्या जागी गेरूचा एक ठिपका द्या, वाद मिटतो.

प्रत्येक अक्षराला तीन प्रश्न, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी फक्त सांगायचं, ‘हा प.’ दुसऱ्या दिवशी दोन अक्षरं मांडून विचारायचं, ‘प कुठाय?’ तिसऱ्या दिवशी बोट ठेवून, ‘हा कोण?’ मॉन्टेसरी पद्धतीतला हा क्रम आहे. बहुतेक घरांत थेट तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात होते आणि पोरगं गप्प राहिलं की ‘याला येत नाही’ असं ठरतं. एका बैठकीला दहा-बारा मिनिटं पुरेत. मूल उठून गेलं, तर काम तिथेच थांबवा.

चिकटवायला घरची खळ. दोन चमचे मैदा पाव कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, एक कप उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवा. गुठळ्या झाल्याच तर गाळणीतून काढा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबूस वास येतो, तेव्हा एका वेळी एवढीच करा. खळ टिकावी, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी आहे. ज्या खळीत लहान मुलाची बोटं जाणार, तिच्यात तो अजिबात नको.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात काय द्यायचं याची सोपी परीक्षा: अंगठा आणि तर्जनी जुळवून वळं करा. त्यातून जे आरपार जातं, ते घशात अडकू शकतं. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, घुंगरं सगळी त्यात आली. एरंडाच्या बिया आणि गुंजा दिसायला सुरेख असतात, पण दोन्ही विषारी; कोणत्याही वयाच्या मुलाच्या हातकामात नकोत. बाजारातल्या रांगोळीची पूड दगडाची असते, नाकातोंडात जाते. तिच्याऐवजी तांदळाचं पीठ घ्या.

पोळा: प, आणि मग ळ

श्रावणी अमावास्येला मातीचे बैल घरोघरी येतात, म्हणून सुरुवात मातीपासून. आपल्याकडची काळी माती चिकट, वळायला मजेदार, पण वाळताना फार आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात ना, तशाच त्या अक्षराला पडतात. नुसत्या काळ्या मातीचा ‘प’ दुसऱ्या दिवशी तीन तुकड्यांत मिळतो.

प्रमाण असं: चाळलेली काळी माती दोन वाट्या, बारीक वाळू एक वाटी, आणि वर्तमानपत्राचं एक पान फाडून रात्रभर भिजवून कुस्करलेला लगदा, घट्ट पिळून. बैल करणारे मातीत शेण किंवा भुसा घालतात. माती त्यानंच धरून राहते. पण हे पोर बोटं तोंडात घालणारं आहे, म्हणून त्या जागी कागद. माती कपाशीच्या शेतातली घेऊ नका, तिथे फवारण्या झालेल्या असतात. कुंभाराकडून आणलेली सगळ्यात बरी.

माती रात्रभर भिजू द्या, सकाळी कणकेसारखी मळा. बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळून बघा. चिरली तर पाण्याचा हात लावा. हाताला चिकटत असेल, तर पसरून अर्धा तास ठेवा.

आता ‘प’. एक २० सें.मी.ची वळी काना म्हणून आणि एक साधारण तेवढीच वळी वळणासाठी. वळ्या मूल करेल: पाटावर तळहातानं मागे-पुढे, पोळीचं लाटणं फिरवतात तसं. जाडी दीड सें.मी.पेक्षा कमी नको. मुलाची वळी मधे जाड आणि टोकाला शेपटीसारखी होते. होऊ द्या, फक्त टोकं दुमडून घ्या, कारण बारीक टोक आधी वाळतं आणि तुटतं. जुन्या पाटीवर किंवा फरशीच्या तुकड्यावर प्लॅस्टिक पसरून त्यावर ‘प’ मांडा. कान्याला वळण जिथे लागतं, तिथे दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. हे टाळलं की जोड वाळल्यावर सुटतोच. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, वरून आडवी.

पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, पुढचे तीन-चार दिवस सावलीत, रोज एकदा उलटून. श्रावणातली हवा दमट असते, तरीही ऊन पडलं म्हणून अंगणात ठेवायचा मोह टाळा. वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतली ओल त्याला फोडते. म्हणजे काम पोळ्याच्या निदान आठवडाभर आधी हाती घ्यायचं. वाळल्यावर गेरू खळीत कालवून मुलाला बोटानं रंगवू द्या. नुसत्या पाण्यातला गेरू हाताला लागत राहतो.

पोळ्याच्या दिवशी याचा खेळ. परातीत बोटभर जाडीचा ओलसर वाळूचा थर पसरा आणि त्यात बोटानं ‘प’ काढा. हा झाला नांगराचा तास. मुलानं मातीचा किंवा लाकडी बैल त्या तासातून चालवायचा, गेरूच्या ठिपक्यापासून. बैल वळणावर तासाबाहेर गेला की ‘बैल बांधावर चढला’ म्हणायचं. ‘चुकलं’ म्हणायची वेळ येत नाही.

दोन-तीन दिवसांनी ‘ळ’. तक्त्यात हा तळाशी असतो, कारण मराठीत ळ-नं सुरू होणारा शब्द नाही. सणांच्या नावांत आणि खाण्यात मात्र तो ठासून भरला आहे: पोळा, होळी, दिवाळी, तीळ, गूळ, नारळ, केळी. आकारही सोपा. मधून खाली आलेला आखूड दांडा, त्याच्या दोन बाजूंना दोन वेढे. मातीपेक्षा दोरानं छान होतो. बैलासाठी आणलेल्या सुती कासऱ्याचा ७०-८० सें.मी. तुकडा घ्या आणि टोकांना दोरा गुंडाळून गाठ मारा, नाहीतर पीळ सुटत जातो. पुठ्ठ्यावर खळीचा जाड थर देऊन त्यात दोर बसवा आणि तो वाळेपर्यंत वर पाटा ठेवा. नायलॉनचा दोर उसळून सरळ होतो, खळीला दाद देत नाही.

ळ-ची इथली एक गंमत आहे. अहिराणी बोलणाऱ्या घरात केळं ‘केयं’ असतं, डोळा ‘डोया’, शाळा ‘शाया’. मूल घरात ळ ऐकतच नाही, किंवा फार कमी ऐकतं. अशा मुलाला दहा वेळा ‘केयं नाही, केळं म्हण’ करून ळ येत नाही. उलट ते अक्षराच्या खेळापासूनच लांब पळतं. ळ हा त्याच्यासाठी नवा ध्वनी आहे, तो नव्या खेळण्यासारखा द्या. जिभेचं टोक वर टाळूला वळवून सोडायचं, ‘ळळळळ’, बैलगाडी उतारावरून गडगडते तसं, दोरावर बोट फिरवता फिरवता. आजीनं ‘केयं’च म्हणावं. घरची बोली एक, पाटीवरची दुसरी, हे तीन वर्षांचं मूल आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर ओळखतं.

ग, म, न, भ: गणपतीपासून कोजागरीपर्यंत

अक्षरओळख ‘ग म भ न’पासून करायची रीत जुनीच आहे. काना सगळ्यांचा सारखा, डावीकडचा भाग तेवढा बदलतो. सणही जवळजवळ त्याच रांगेत येतात: गणपतीचा ग, मोदकाचा म, नवरात्रीचा न, आणि कोजागरीला निरोप घेणाऱ्या भुलाबाईचा भ. ज्यांच्याकडे ‘गुलाबाई’ म्हणतात, त्यांनी ग-ची उजळणी करावी आणि भ भरताकडून घ्यावा. वांगी बाजारात यायला लागलेलीच असतात.

ग आणि म केळीच्या दांड्याच्या ठशांनी करा. केळीच्या पानाचा मधला जाड दांडा आडवा कापला की चंद्रकोरीसारखा काप मिळतो आणि त्यात जाळीदार घरं असतात. ठसा असा उमटतो की दुकानातला रबरी शिक्का फिका पडावा. बोटभर लांबीचे तीन-चार तुकडे कापा; एक सपाट, एक तिरपा, एक टोकाकडचा लहान. कापलेली बाजू जुन्या कपड्यावर दाबून अर्धा तास ठेवा. ही पायरी गाळू नका. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळपट डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. चीक निथळला नाही, तर रंगही ठशाला धरत नाही, पाणी सुटल्यासारखा पसरतो. मुलाला जुनाच सदरा घाला.

रंग म्हणजे हळद किंवा गेरू, दाट खळीत कालवलेला, ताटलीत घडी घातलेल्या फडक्यावर ओतून, म्हणजे शाईच्या गादीसारखा. मोठ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं अक्षराची दुहेरी बाह्यरेघ काढून द्या, मुलानं तिच्या आत ठसे मारायचे. कान्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्टीची कड रंगात बुडवून उभा ठसा. खोक्याचा पुठ्ठा कापताना त्यातल्या पन्हळी कान्याच्या दिशेनं, म्हणजे उभ्या येतील असं बघा. आडव्या आल्या तर अक्षर भिंतीला टेकवल्यावर कमरेत वाकतं.

न-साठी घटस्थापनेची वाट बघा. हे सगळ्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम आहे आणि सगळ्यात जास्त बिघडणारंही. घटासारखंच गव्हाचं धान पेरायचं, पण अक्षराच्या आकारात. पूजेच्या घटापासून हे वेगळं ठेवा, नाहीतर मुलाला दिवसभर ‘हात लावू नकोस’ ऐकावं लागतं.

साधारण ३० बाय ४० सें.मी.चा पसरट ट्रे किंवा फळांच्या खोक्याचं झाकण घ्या, आत प्लॅस्टिक अंथरा, तळाला पाच-सहा भोकं पाडा. चार सें.मी. माती: अर्धी काळी, अर्धी वाळू किंवा शेणखत. शेणखत घातलंत, तर नंतर साबणानं हात धुवायचे. गहू ५० ग्रॅम पुरतो, आदल्या रात्री भिजवून. सकाळी मातीत दोन बोटं रुंद आणि एक सें.मी. खोल ‘न’चा तास मुलाकडून काढून घ्या. गहू त्यात ओळीत, एकाशेजारी एक, एकावर एक नाहीत. तांब्यात धरून ओतले की थर जमतो, खालचे गहू कुजतात आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी दिसते. वर पातळ माती भुरभुरवा.

पाणी हातानं शिंपडायचं. तांब्यानं ओतलं तर गहू वाहून बाजूला जातात आणि न-चा म किंवा आणखी भलतंच काही उगवतं. दोन-तीन दिवसांत मोड वर येतात, नवमीपर्यंत वीतभर उंच पातं होतं. खिडकीत ठेवलं असेल तर सगळं पातं उजेडाकडे झुकतं आणि अक्षर ओळखू येत नाही, म्हणून ट्रे रोज फिरवा. पातं बोटभर झालं की मुलाला तळहात वरून फिरवू द्या. दसऱ्याला पाच सें.मी. ठेवून कात्रीनं कापून घ्या, अक्षर पुन्हा ठसठशीत दिसतं.

भ-चं काम खरं तर खेळ आहे, आणि तो इथल्या मुलींना शिकवावा लागत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर रोज भुलाबाईची गाणी झाल्यावर डबा हलवून ‘खाऊ ओळखा’ चालतं. लहानांसाठी त्यात एवढाच फेर करा, की ओळखायच्या आधी डब्याच्या झाकणावर खाऊचं पहिलं अक्षर ठेवायचं. आत भडंग, झाकणावर भ. आत मुरमुरे, झाकणावर म. अक्षरं पुठ्ठ्याची, हातभर अंतरावरून दिसतील एवढी. मोठ्या पोरी भराभरा ओरडून टाकतात, तेव्हा पहिली पाळी लहानांची. लहान मुलं भुईमुगाच्या शेंगा आणि दाणे यांपासून लांबच.

दिवाळीचं तोरण

देवनागरी अक्षरं रेघेखाली लटकतात. तोरणही तसंच असतं. सुतळी हीच शिरोरेघ धरली, तर पोळ्यापासूनची सहा अक्षरं दारावर एका ओळीत येतात. हे काम चार वर्षांच्या मुलासाठी. त्याहून लहान मूल पानं ओवायला मदत करेल.

तीन फुटी दारासाठी सुतळी १३० सें.मी., म्हणजे दोन्हीकडे खिळ्याला बांधायला वीसेक सें.मी. मिळतात. अक्षरं कार्डशीटची, १२ सें.मी. उंच, शिरोरेघेशिवाय कापलेली, पण प्रत्येकाच्या माथ्यावर दोन सें.मी.ची जास्तीची पट्टी ठेवून. गणेशोत्सवात पताका चिकटवतात तशी ही पट्टी सुतळीवरून मागे दुमडून खळीनं चिकटवायची. भोकं पाडून ओवू नका. ओवलेलं अक्षर वाऱ्यानं फिरतं, उलटं दिसतं, आणि मूल नेमकं ते उलटं रूप पाठ करतं.

कापताना कळतं की शिरोरेघ काढली की ‘ग’चे दोन तुकडे होतात, डावीकडचा आकडा वेगळा आणि काना वेगळा. दोघांना वेगळी पट्टी ठेवा आणि दोन सें.मी. अंतरानं चिकटवा. मुलांना हा दोन तुकड्यांचा ग फार आवडतो, ती तुकडे जुळवत बसतात.

‘भ’ची अडचण खरी. मराठी वळणात भ-च्या डाव्या डोक्यावर शिरोरेघ नसते, तिथे उघडी गाठ असते. ती सुतळीला टेकली की भ-चा म झाला. म्हणून गाठ सुतळीच्या दोन सें.मी. खाली ठेवायची आणि अक्षर फक्त कान्यानं टांगायचं. पण मग सगळं वजन डावीकडे जातं आणि भ कलंडतो. उपाय म्हणजे कान्याची पट्टी चार सें.मी. रुंद ठेवणं, आणि खळ वाळेपर्यंत कपड्याचे दोन चिमटे लावणं. हीच गत ध आणि थ यांची.

अक्षरांमधे आंब्याची पानं. देठ कोवळा असेल तर तो सुतळीवर दुमडून पानातच खोचता येतो, दोरा लागत नाही. अक्षरांना शोभेला कापूस लावायचा असेल तर ही वेळ बरोबर आहे, वेचणी सुरूच असते. सरकी काढलेलाच घ्या, आणि तोरण पणत्यांपासून दूर. कापूस आणि दिवा एका दारात नको. पणत्यांचं काम करायचंच असेल तर न पेटवलेल्या दहा-अकरा पणत्या जमिनीवर मांडून ‘द’ करा, पाच मिनिटांत होतो.

तयार अक्षरं छापून कापणाऱ्यांसाठी एक सूचना. मोबाईलवरच्या आणि संगणकावरच्या बऱ्याच टंकांत (फॉन्टमध्ये) ‘ल’ उभ्या दांड्याचा आणि ‘श’ गाठीचा, म्हणजे हिंदी वळणाचा असतो. मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा. मुलानं अंगणवाडीत एक आणि घरी दुसरा पाहिला तर त्याच्या लेखी ती दोन निरनिराळी अक्षरं असतात. शंका असेल तर हातानंच काढा.

हिवाळ्यातली दोन छोटी कामं

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. जत्रेहून आणलेला घोडा ‘घ’च्या वळणांवरून दौडवा, पोळ्याच्या बैलासारखाच. घ-ची शिरोरेघ सलग असते, ध-ची तुटलेली. हा फरक मात्र आत्ता सांगायला जाऊ नका. घ पक्का झाल्यावर ध आणा, मधे निदान दोन महिने जाऊ द्या.

संक्रांतीला तिळाचा ‘त’. काळ्या किंवा गडद कागदावर २० सें.मी.चा त खळीनं भरा, चार-पाच मिनिटं थांबा आणि मग मुलाला चिमटीनं पांढरे तीळ पेरू द्या. थांबला नाहीत तर तीळ ओल्या खळीवर तरंगतात आणि कागद उभा केल्यावर घसरून पायथ्याशी जमतात. ५० ग्रॅम तिळात दोन अक्षरं होतात. पेरणीची चिमट म्हणजे पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांचाच व्यायाम. मुंग्या लागतात, टांगून ठेवा.

होळी

सातपुड्याच्या पायथ्याशी फाल्गुनात पळस पेटलेला असतो. दोन ओंजळी फुलं निवडून, देठाकडचा काळसर भाग काढून, लिटरभर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा. फिकट केशरी पाणी मिळतं. चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग गडद होतो. पुठ्ठ्याचा कापलेला ‘ह’ पांढऱ्या जुन्या चादरीच्या तुकड्यावर ठेवायचा, कडेला चार दगड, आणि फवाऱ्याच्या बाटलीनं वरून रंग. पुठ्ठा उचलला की केशरी मैदानात पांढरा ह. पिचकारी नको, तिची धार पुठ्ठ्याखाली शिरते आणि कडा फुटतात. ह-चं वळण अवघड आहे, चार वर्षांखालच्या मुलाकडून ते बोटानं गिरवून घेऊ नका. त्याला पुठ्ठा उचलण्याचीच मजा पुरते.

आखाजी: आ

वैशाखात लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, घागर भरली जाते, घरात आमरस. आखाजी, आंबा, आमरस: ‘आ’साठी दुसरा मुहूर्त शोधायची गरज नाही. घरात आत्या-मावशांची पाच-सहा पोरं एकत्र असतात, तेव्हा काम सगळ्यांना पुरेल एवढं काढा.

मिठाची कणीक घ्या: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी थोडं थोडं करून. दहा मिनिटं मळा. चिकटली तर मैदा, चिरली तर चमचाभर पाणी. हीच कणीक श्रावणात केली तर मीठ हवेतली ओल ओढून घेतं, अक्षर आठवडाभर घामेजलेलं राहतं आणि शेवटी त्यावर बुरशी चढते. म्हणून ती आखाजीसाठी राखून ठेवली आहे. मात्र पारा ४४-४५ अंशांवर असताना ती भर उन्हात ठेवली तर दोन तासांत वरून तडकते. पहिला दिवस घरात, जाळीवर, दुसऱ्या दिवशी फक्त सकाळचं कोवळं ऊन. कणीक खारट असते, एक घास घेतल्यावर मूल पुन्हा तोंडात घालत नाही, तरी लक्ष ठेवा. कुत्र्यामांजरांना ती खाऊ देऊ नका, एवढं मीठ त्यांना घातक असतं.

‘आ’ म्हणजे अ आणि पुढे काना. अ एका मुलानं करावा, काना दुसऱ्यानं, आणि दोन्ही वेगळे वाळवावेत. मग खेळ असा: अ ठेवला की सगळ्यांनी आखूड ‘अ’ म्हणायचं, शेजारी काना सरकवला की तोंड मोठं उघडून ‘आऽऽ’. काना काढला की परत ‘अ’. पुढे बाराखडीत जो काना लागणार आहे, तो असा मुलाच्या हातात आधीच आलेला असतो.

रंगवायला कोय. रेषेदार गावरान आंब्याची कोय धुऊन, तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवून, तिच्या एका टोकाचे धागे कात्रीनं सारखे कापा. मुठीत मावणारा ब्रश तयार होतो, आणि मूठ हीच या वयाची पकड आहे. नीट न वाळलेल्या कोयीवर माश्या बसतात. रसाचे हात अक्षराला लागले तर मुंग्यांची रांग ठरलेली, म्हणून रंगकाम जेवणाआधी.

वर्षाच्या शेवटी मातीची आणि कणकेची अक्षरं एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. गहू भरताना घालतात तसा कडुनिंबाचा वाळलेला पाला मधेमधे. डांबरगोळ्या नकोत, मुलं त्या गोळ्या म्हणून खातात. डबा जमिनीवर न ठेवता फळीवर, कारण पावसाळ्यात ओल खालून येते. मृग लागायच्या आत कणकेची अक्षरं एकदा तपासा. मऊ पडली असतील तर ती टाकून द्या. मातीचा ‘प’ मात्र पुढच्या पोळ्याला तसाच वापरता येतो, फक्त गेरूचा एक हात नवा द्यावा लागतो.